आपल्या प्रभागाची बातमी आपणच द्यावी: नाशिकमध्ये वस्तीपुरतं बातमीपत्र कसं चालवायचं

नाशिकमध्ये वर्तमानपत्रांची वानवा नाही. १९३८ साली सुरू झालेल्या 'गावकरी'पासून 'देशदूत'पर्यंत इथलीच दैनिकं आहेत, पुण्या-मुंबईच्या मोठ्या वर्तमानपत्रांच्या नाशिक आवृत्त्या आहेत, आणि अलीकडे प्रत्येक उद्घाटनाला पाच-सात बूम पुढे करणारे यूट्यूब चॅनलवालेही आहेत. तरी तुमच्या कॉलनीतला रस्ता कोणी खोदला, कशासाठी खोदला आणि कधी बुजवणार, हे शोधायला गेलात तर बहुतेक वेळा कुठेच सापडत नाही. त्यात बातमीदाराचा दोष फारसा नसतो. जिल्ह्याच्या चार पानांत मालेगावपासून इगतपुरीपर्यंत सगळं बसवायचं असतं. भूमिपूजन छापून येतं, कारण त्या दिवशी मंत्री येतात, नारळ फुटतो, फोटो मिळतो. सहा महिन्यांनी काम कुठवर आलं याचा फोटो पाठवायला कोणी बसलेलं नसतं.

वस्तीपुरत्या बातमीपत्राचं काम नेमकं तिथे आहे. पाठपुरावा. पहिली बातमी मोठ्यांना देऊ द्या, तिसरी आणि सातवी तुमची. नोकरी सांभाळून आठवड्याला काही तास देता येणारा कोणीही हे करू शकतो: निवृत्त शिक्षक, पत्रकारितेचा विद्यार्थी, सोसायटीची सेक्रेटरी. त्यासाठी नेमकं काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी हद्द आखा

'नाशिक न्यूज अमुक', 'नाशिक तमुक लाइव्ह' अशी नावं घेऊन सुरू झालेली पानं थोड्याच दिवसांत इतरांच्या बातम्या उचलायला लागतात, कारण अख्खं शहर दोन माणसांच्या आवाक्यातलं नाही. महापालिकेचे विभागच सहा आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड. त्यातला एक विभागसुद्धा जास्त होतो. एक प्रभाग घ्या, किंवा प्रभागातले चार चौक घ्या. चालत जाऊन तासाभरात फिरून येता येईल एवढीच हद्द ठेवा.

दुसरा मार्ग विषय निवडण्याचा. घंटागाडी, सिटीलिंक या शहर बससेवेचे मार्ग, गोदावरीचं पाणी, अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार, जुन्या नाशिकातले वाडे. एकच विषय वर्षभर धरून ठेवला की महिन्याभरात तुम्हाला त्यातलं जे कळायला लागतं ते सगळीकडे धावणाऱ्या बातमीदाराला कळणं शक्य नाही. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष राजकारण पूर्ण टाळा. कोण कोणत्या गटात गेला हे सांगणारे खूप आहेत, आणि त्या बातम्यांपायी तुमच्यावर जो शिक्का बसतो तो नंतर पुसला जात नाही.

काही लिहिण्याआधी हद्दीची नोंदवही करा

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. तुमच्या हद्दीतला कोणता रस्ता कोणाचा, हे आधी लिहून काढा. महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा की एमआयडीसीचा? द्वारका चौकात उभं राहिलात तर एकाच ठिकाणी दोन-तीन यंत्रणांची हद्द पायाखाली येते, आणि खड्ड्याबद्दल विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पाणी कोणत्या जलकुंभातून येतं, कोणत्या वेळी येतं. घंटागाडी किती वाजता येते, ओला-सुका कचरा खरोखर वेगळा घेते का. महावितरणचं उपविभागीय कार्यालय कुठे, विभागीय अधिकारी कुठे बसतात, पोलीस ठाणं कोणतं.

ही वही पुरी झाली की तिचीच पहिली बातमी करा: 'आपल्या भागात कोणत्या तक्रारीसाठी कुठे जायचं'. लोक ती जपून ठेवतात आणि एकमेकांना पाठवतात. तुमचं नाव लोकांपर्यंत पोहोचवायला याहून सोपा मार्ग नाही.

बातमी कागदात असते

नवखा माणूस बातमीसाठी माणसांच्या मागे लागतो. माणसं हवीतच, पण महापालिकेची बातमी आधी कागदावर उमटते आणि मग रस्त्यावर दिसते. हे कागद कुठे मिळतात ते माहीत हवं.

पहिला कागद विषयपत्रिका. महासभा आणि स्थायी समितीपुढे कोणते विषय येणार याची यादी नगरसेवकांकडे आधी पोहोचते. २०१७च्या निवडणुकीत नाशिकला ३१ प्रभागांतून १२२ नगरसेवक निवडून आले होते, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार. चौघांपैकी एक तरी तुम्हाला विषयपत्रिका दाखवायला तयार असतोच, बहुधा बाकी तिघांशी त्याचं पटत नाही म्हणून. मार्च २०२२मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात सभागृहातली चर्चा नव्हती, विरोधही नव्हता, त्यामुळे बातमीदारांना निविदा आणि प्रस्तावच वाचावे लागले. ती सवय मोडू नका.

दुसरा कागद निविदा. राज्याच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर महापालिकेच्या निविदा दिसतात. तिथे तीन गोष्टी टिपून घ्या: कामाची अंदाजपत्रकीय रक्कम, काम पुरं करण्याची मुदत, आणि दोषदायित्व कालावधी. हा तिसरा शब्द सोन्याचा आहे. रस्ता केल्यावर ठरावीक काळात तो उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. पावसाळ्यात खड्डे पडले की सगळे 'खड्ड्यांचं साम्राज्य' असा मथळा देतात. 'हा रस्ता अजून दोषदायित्व कालावधीत आहे, दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी' असं तारखेसह छापलंत, तर त्या वाक्याला उत्तर द्यावं लागतं.

तिसरा मार्ग माहिती अधिकाराचा. कायदा २००५चा, पण अर्ज कसा लिहायचा हे अजूनही पुष्कळांना जमत नाही. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो, ऑनलाइनही भरता येतं. 'रस्त्याचं काम निकृष्ट का झालं?' असं विचारू नका. कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. असं लिहा:

'अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्याच्या डांबरीकरणाबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात: कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, अंतिम देयक, आणि दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख नमूद असलेले पत्र.'

३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. तिथेही नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं, त्याचं खंडपीठ नाशिकमध्येच आहे. तिथे वेळ लागतो, म्हणून आजच्या बातमीसाठी या मार्गावर विसंबू नका. त्याऐवजी राज्य सरकारच्या २०१८च्या परिपत्रकाचा उपयोग करा: जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. परिपत्रकाची प्रत खिशात ठेवा. टेबलामागच्या माणसाला ते माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे.

कुंभमेळ्याच्या कामांना हे सगळं दुपटीने लागू आहे. २०२७च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण स्थापन झालं आहे, पण प्रत्यक्ष कामं महापालिका, बांधकाम विभाग, जलसंपदा, महामार्ग अशी वाटली गेली आहेत. तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहर पेटलं तेव्हा पहिला घोळ हाच झाला होता: कोणती झाडं, किती, कोणत्या कामासाठी, कोणाच्या नोटिशीने. झाडं तोडण्याची जाहीर नोटीस निघते आणि हरकतींसाठी मुदत असते. ती नोटीस वेळेत लोकांपुढे ठेवणं हे वस्तीच्या बातमीपत्राचं काम आहे. मुदत संपल्यावर छापलेल्या लेखाने हरकत नोंदवता येत नाही.

गंगेला पाणी आलं की

नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो आणि तिचा पूर मोजतो रामकुंडाजवळ नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. पुढे नदीकाठच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत गोष्ट गेली तर मग भांडी बाजार, सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला धावतात. या मोजमापाला मी कधीच हसणार नाही, बातमीत ते अवश्य लिहा, लोकांना तेच पटकन कळतं. पण त्याला आकड्यांची जोड द्या, आणि आकडे लिहिताना एक सावधगिरी बाळगा.

पुराच्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर विसर्गाचे तीन वेगवेगळे आकडे फिरतात आणि ते एकमेकांत मिसळतात. एक गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी. दुसरा अहिल्यादेवी होळकर पुलाखालून वाहणारं पाणी, ज्यात धरणाखालच्या नाल्यांचं आणि शहरातल्या पावसाचंही पाणी आलेलं असतं. तिसरा नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे जाणारा, जो या दोन्हींपेक्षा बराच मोठा असू शकतो, कारण तोवर दारणा आणि इतर नद्यांचं पाणी मिळालेलं असतं. नांदूर मध्यमेश्वरचा आकडा 'गंगापूरमधून सोडले' म्हणून फिरला की रामकुंडावर घबराट उडते. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे ठिकाण आणि वेळ लिहा. 'दुपारी २ वाजता, होळकर पूल' एवढं पुरतं.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. वाचकाला अंदाज यावा म्हणून कधीतरी गणित करून दाखवा: १० हजार क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं तर ८६४ दशलक्ष घनफूट जातं. गंगापूर धरणाची क्षमता सुमारे ५,६०० दशलक्ष घनफूट आहे. म्हणजे एका दिवसात धरणाचा सहावा-सातवा हिस्सा रामकुंडावरून वाहून गेला. आणि धरणातून थेंब सोडला नाही तरी नासर्डी आणि वाघाडी भरून येतात, हेही दर पावसाळ्यात पुन्हा सांगावं लागतं.

बिबट्या खरा की फॉरवर्ड

नाशिकमध्ये बिबट्या येतो. गंगापूर रोड, देवळाली, मळ्यांच्या कडेच्या वसाहती, सगळीकडे दिसला आहे, माणसं जखमीही झाली आहेत. त्यामुळेच खोटा व्हिडिओ इथे सहज खपतो. असा व्हिडिओ हाती आला तर छापण्याआधी हे करा.

व्हिडिओ थांबवून थांबवून पाहा. गाडीची पाटी दिसली तर एमएच-१५ आहे का बघा, मालेगावकडची असेल तर एमएच-४१. दुकानाच्या पाटीवरचा दूरध्वनी ०२५३ने सुरू होतो का? पाटी मराठीत आहे की गुजरातीत, कन्नडमध्ये? आवाज चालू करा, मागे लोक कोणत्या भाषेत ओरडतायत ऐका. काल दिवसभर पाऊस होता आणि व्हिडिओतला रस्ता कोरडा ठाक आहे, तर तो कालचा नाही. दोन-तीन चित्रं काढून गूगल लेन्समध्ये टाका, जुना व्हिडिओ बहुधा तिथेच उघडा पडतो. ज्याने पाठवला त्याला 'तुम्ही स्वतः काढला का?' एवढंच विचारा. 'ग्रुपवर आला' असं उत्तर आलं तर तो अजून बातमी नाही.

शेवटी वन विभागाला फोन. त्यांची हेल्पलाइन १९२६, पोलिसांसाठी ११२. बातमी खरी निघाली तरी नकाशावरचा नेमका ठिपका टाकू नका. गर्दी जमली की वन खात्याला बेशुद्धीचं इंजेक्शन मारणं अवघड होतं, आणि बिथरलेला बिबट्या गर्दीतच शिरतो. 'अमुक भागातल्या लोकांनी घरात थांबावं, मुलांना बाहेर सोडू नये' एवढं लिहा. व्हिडिओ खोटा ठरला तर तेही लिहा, कसं शोधलं ते दाखवून. वाचक पुढच्या वेळी स्वतः शोधतात.

लिहायचं कसं

'सिडकोत पाण्याचा ठणठणाट' हा मथळा जुना आणि निरुपयोगी. 'पवननगर जलकुंभाखालच्या भागात शनिवारी पाणी नाही, रविवारी सकाळी कमी दाबाने' असा लिहिलात तर बाई तो वाचून शुक्रवारी रात्री पिंप भरून ठेवेल. पहिल्या दोन ओळींत कुठे, कधी, कोणाला हे संपवा. 'मान्यवरांच्या शुभहस्ते', 'परिसरातून कौतुकाचा वर्षाव' हे प्रेसनोटमधून आलेले शब्द काढून टाका, अर्धी प्रेसनोट आपोआप नाहीशी होते.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला छापण्याआधी फोन करा, उत्तर दिलं नाही तर किती वाजता फोन केला ते लिहा. आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी पुढची तारीख टाका: 'मुदत ३१ मार्च, १ एप्रिलला पुन्हा पाहू.' मग त्या दिवशी खरंच जा. त्याच कोपऱ्यातून, त्याच कोनातून फोटो काढा. दोन फोटो शेजारी ठेवले की विशेषणं लागत नाहीत.

रहाडीची, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदांची, रंगपंचमी, गोदाकाठची वसंत व्याख्यानमाला, गल्लीतल्या मुलीचं कबड्डीतलं यश हेही येऊ द्या. नुसत्या तक्रारींचं पान लोक वाचतात, पण त्यावर प्रेम करत नाहीत.

कुठे छापायचं

यावर फार वेळ घालवू नका. वर्डप्रेस किंवा ब्लॉगरवर साधी साइट, स्वतःचं डोमेन, आणि बातमी पोहोचवायला व्हॉट्सअ‍ॅप चॅनल. ग्रुपपेक्षा चॅनल बरं, कारण तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि 'सुप्रभात' येत नाही. नुसतं फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर विसंबू नका, वर्षापूर्वीची बातमी तिथे शोधून दाखवा म्हटलं तर घाम फुटतो, आणि पाठपुराव्याचा सगळा खेळ जुनी बातमी सापडण्यावर आहे. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जाहीर निवेदनाचा नुसता फोटो टाकलात तर गूगलला तो वाचता येईलच असं नाही, खाली चार ओळी टाइप करून द्या.

कायद्याचं भान

छापील साप्ताहिक काढायचं असेल तर नोंदणी लागते. १८६७चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४पासून नवा लागू झाला आहे, पण लोक नोंदणी क्रमांकाला अजून जुन्या निबंधक कार्यालयाच्या नावाने 'आरएनआय नंबर'च म्हणतात. संकेतस्थळाला ती नोंदणी नाही. मात्र माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ डिजिटल बातम्या देणाऱ्यांनाही लागू होतात: तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क पानावर द्यायचा, आणि तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय कळवायचा. एवढं केलंत तर निम्मी भांडणं फोनवरच मिटतात. पैसे घेऊन 'प्रेस कार्ड' देणाऱ्या संघटनांच्या नादी लागू नका. अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारी मान्यता, राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, आणि नागरिक म्हणून प्रश्न विचारायला ती लागत नाही. प्रेसनोटसाठी जिल्हा माहिती कार्यालयाशी संपर्क ठेवा.

बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. 'खरं होतं' एवढं पुरत नाही, ते छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. म्हणून कागद हातात असेल तेवढंच लिहा. 'चोर' लिहायच्या जागी 'अमुक तारखेच्या देयकात इतकी रक्कम, जागेवर काम दिसत नाही' लिहा, वाचकाला पुढचं कळतं. लैंगिक अत्याचारातली पीडित व्यक्ती आणि कोणत्याही गुन्ह्यातलं लहान मूल यांची ओळख पटेल असं काहीही देऊ नका. नुसतं नाव वगळून भागत नाही, शाळा, सोसायटी, बापाचा व्यवसाय यावरूनही वस्तीत लगेच कळतं. वस्तीच्या बातमीपत्राला हा धोका मोठ्या दैनिकापेक्षा जास्त.

नाशिकमध्ये आणखी एक पथ्य. नाशिकरोडचे नोटांचे आणि मुद्रांकांचे छापखाने, देवळालीचा तोफखाना, ओझरचा विमान कारखाना यांच्या आसपास कॅमेरा आणि ड्रोन बाहेर काढू नका. ड्रोन उडवायचाच असेल तर २०२१च्या नियमांनुसार डिजिटल स्कायच्या नकाशावर लाल क्षेत्र पाहून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवत असाल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये दिलेला निकाल माहीत असू द्या: सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. तरी दंगलीच्या अफवेच्या रात्री ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' करून ठेवलेला बरा.

पैसे

गूगलच्या जाहिरातींतून वस्तीच्या साइटला डोमेनचा खर्च निघाला तरी नशीब. खरा पैसा कोपऱ्यावरच्या क्लासचा, डेंटिस्टचा, मिसळीच्या दुकानाचा. महिन्याला ठरावीक रक्कम घ्या, पावती द्या, आणि जाहिरातीवर 'जाहिरात' असं ठळक लिहा. वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात घ्यायची का, हा प्रश्न पहिल्याच वर्षी दारात येतो. भाऊ, दादा, साहेबांचे फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग. पैसे चांगले मिळतात. पण त्याच भाऊंच्या प्रभागातला रस्ता तुम्ही मोजत असता, तेव्हा माझं उत्तर नाही असं आहे. निवडणुकीच्या महिन्यात कोणत्याच उमेदवाराची जाहिरात घेऊ नका. त्यापेक्षा वाचकांकडून वर्षाची ऐच्छिक वर्गणी मागा आणि जमाखर्च दर मार्चअखेरीस पानावर टाका.

साइटचा पासवर्ड आणि डोमेनचा लॉगिन निदान दोघांकडे असू द्या. डोमेन एकाच्या नावावर, तो बदली होऊन पुण्याला गेला आणि नूतनीकरणाची तारीख चुकली, तर सगळ्या जुन्या बातम्या एका दिवसात गायब होतात. दर सहा महिन्यांनी सगळ्या मजकुराची प्रत हार्ड डिस्कवर घ्या, आणि वर्षातून एकदा निवडक पाठपुराव्यांची छापील प्रत सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आपल्या सावानात, ठेवून घेतात का विचारून या. १८४०पासूनची संस्था आहे, जुने अंक चाळायला तिथे नाही तरी जावंच लागणार आहे.